कॉलेज आणि दारू : फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘कॉलेजात गेलं की प्रत्येकाचं पिणं वाढतंच, कमी केलं म्हणणारा थापा मारतो’ असा मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. तो अर्धवट खरा आहे, म्हणूनच पटकन पटतो.

कॉलेजच्या वयात सरासरी पिणं वाढतं, हे अमेरिकेतल्या मोठ्या पाहण्यांत वारंवार दिसलंय. पण सरासरी म्हणजे प्रत्येक जण नव्हे. त्याच मुलांना प्रवेशाआधी आणि नंतर, नाव गुप्त ठेवून विचारलं, तेव्हा काहींचं पिणं चक्क घटलेलं आढळलं. कारणं साधीच. जुना कंपू सुटतो, सकाळी लेक्चर असतं, पैसे स्वतःच्या खिशातून जातात. शिवाय आईवडिलांकडे राहून शिकणारे हॉस्टेलवाल्यांपेक्षा सहसा कमी पितात.

मग ‘सगळेच पितात’ असं का वाटतं? पर्किन्स आणि बर्कोविट्झ या संशोधकांनी १९८६ साली दाखवून दिलं, की बरोबरीची मुलं दारूबाबत जितकी सैल वाटतात तितकी ती प्रत्यक्षात नसतात. पार्टीत धिंगाणा घालणारे चौघे लक्षात राहतात. कोल्ड्रिंकचा ग्लास घेऊन कोपऱ्यात गप्पा मारणारा कुणाला आठवतो? (फोटोतही तो सहसा कडेलाच असतो.) आणि हा गैरसमज निरुपद्रवी नाही: सगळे पितात असं वाटलं की, एरवी नको म्हणणाराही ग्लास उचलतो.

तेव्हा तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.