सवाल छापला, जवाब गाळला

माझ्या गाण्यावर एका स्थानिक दैनिकाच्या पुरवणीत आलेल्या परीक्षणाचे कात्रण सध्या सोलापुरात मोबाइलवरून फिरते आहे. गाणे विडी कामगार स्त्रियांची टवाळी करते, भाषा भेसळीची आहे, लावणीच्या ढंगाला गंभीर विषय पेलत नाही आणि चाल उसनी आहे, असे त्यातले आक्षेप आहेत. एरवी मी परीक्षणांना उत्तरे देत नाही. परंतु विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत राहणाऱ्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या माझ्या मावशीने ‘आमच्यावर हसलास का रे?’ असे विचारल्यावर गप्प बसणे शक्य नव्हते.

टवाळीचा पुरावा म्हणून समीक्षकांनी ‘हाताला तुझ्या वळण नाही, निम्मा माल गं छाटात’ ही ओळ दिली आहे. ती मुकादमाच्या तोंडची आहे. तिच्या लगेच पुढे बाईचा जवाब येतो: ‘पान दिलंत किडकं, मालक, खोट कशी माझ्या हातात?’ हा जवाब परीक्षणात कुठेच नाही. कारखान्यात माल देताना तपासणारा ज्या विड्या बाजूला काढतो ती छाट. तिची मजुरी मिळत नाही. पान कारखान्याचे असते, पण ते फाटके-किडके निघाले तरी हजार विड्यांचा हिशेब बाईनेच पुरा करायचा आणि कमी पडलेले पान पदरमोड करून विकत आणायचे. मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसणाऱ्या बाईची ही तक्रार ज्यांना टवाळी वाटते, त्यांनी गाणे अर्ध्यावर बंद केले असेल किंवा पूर्ण ऐकून मुद्दाम अर्धे सांगितले असेल. मला दुसरीच शक्यता अधिक वाटते.

भेसळीबद्दल फार बोलायला नको. ज्या गावच्या ग्रामदैवताने, सिद्धरामेश्वरांनी, १२व्या शतकात कानडीत वचने रचली आणि ज्याच्या पूर्व भागात आजही घरोघरी तेलुगू बोलली जाते, तिथल्या गाण्यात कानडी-तेलुगू शब्द येणारच.

लावणी म्हणजे निव्वळ शृंगार, हे गृहीतक मात्र सोलापुरात बसून मांडावे, याचे नवल वाटते. शाहीर राम जोशी याच गावचे. संस्कृत शिकलेला हा माणूस पेशवाईच्या उत्तरकाळात तमाशात उतरला आणि ‘हटातटाने’ या लावणीत त्याने जटा वाढवून मिरवणाऱ्या दांभिक वैराग्याला धारेवर धरले. तेव्हा ढंग तोकडा पडला नाही. माझ्या गाण्यात पडला असेल तर दोष माझ्या कुवतीचा म्हणा, लावणीचा नव्हे.

चालीबद्दलचा आक्षेप निम्मा खरा आहे. ध्रुवपद एका जुन्या पारंपरिक चालीवर बांधले आहे आणि कार्यक्रमात मी ते प्रत्येक वेळी सांगतो. कडव्यांची चाल माझी आहे.

गाणे आवडले नाही, असे समीक्षकांनी खुशाल लिहावे. मात्र पुढच्या पुरवणीत तेवढ्याच जागेत ते कडवे जवाबासकट छापावे, म्हणजे मावशीला मी वेगळे उत्तर द्यायची गरज उरणार नाही.