ब्रेक्झिटमुळे लस लवकर मिळाली म्हणणाऱ्यांनी आधी तारखा बघाव्यात

ब्रिटन युरोपियन युनियनमधून (ईयू) बाहेर पडला, म्हणजे ब्रेक्झिट झालं, म्हणून तिथल्या लोकांना कोरोनाची लस सगळ्यांच्या आधी मिळाली, ईयूमध्ये असते तर ब्रसेल्सच्या, म्हणजे ईयूच्या मुख्यालयाच्या, परवानगीची वाट बघत बसले असते आणि तोपर्यंत हजारो माणसं गेली असती, हा दावा इतकी वर्षं झाली तरी फिरतोच आहे. इंग्लंडमधले मराठी लोक पण सांगतात आणि इकडे पुण्यामुंबईत पण "बघा, बाहेर पडल्याचा फायदा" म्हणून पुढे पाठवतात. सुरुवात झाली २ डिसेंबर २०२० ला. त्या दिवशी ब्रिटनने फायझर-बायोएनटेकच्या लसीला मंजुरी दिली आणि त्यावेळचे आरोग्यमंत्री मॅट हॅन्कॉक रेडिओवर म्हणाले की ब्रेक्झिटमुळे आम्हाला आमच्याच रेग्युलेटरच्या (औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेच्या) भरवशावर निर्णय घेता आला, युरोपच्या संथ गतीने जावं लागलं नाही. नंतर त्यावेळचे पंतप्रधान बोरिस जॉन्सनपण पार्लमेंटमध्ये परत परत तेच सांगत राहिले.

मला हे मनापासून चुकीचं वाटतं आणि लसीसारख्या गोष्टीत तर धोकादायक वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"बाहेर पडल्यामुळेच आधी मंजुरी देता आली."

ब्रिटन ईयूमधून कागदोपत्री बाहेर पडला ३१ जानेवारी २०२० ला. पण पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत संक्रमण काळ, म्हणजे जुन्या नियमांवरून नव्यांवर जायची मुदत, होता आणि त्या पूर्ण काळात ब्रिटनला युरोपचे कायदे लागू होते, औषधांचे पण. म्हणजे २ डिसेंबरला मंजुरी दिली ती युरोपच्या कायद्याखालीच दिली, आणि हे मी सांगत नाहीये, मंजुरी देणाऱ्या एमएचआरए या संस्थेच्या प्रमुख जून रेन यांनीच त्याच दिवशी पत्रकार परिषदेत सांगितलं की १ जानेवारीपर्यंत लागू असलेल्या युरोपियन कायद्यातल्या तरतुदी वापरून ही परवानगी दिलीय. मंत्री सकाळी एक म्हणतात आणि ज्यांनी सही केली त्या बाई दुसरं सांगतात, तर विश्वास कोणावर ठेवायचा? मी तरी सही करणाऱ्यावर ठेवेन.

ती तरतूद काय ते थोडक्यात. एरवी अशा जैवतंत्रज्ञानाच्या औषधांना ईयूत एकत्रित मंजुरी लागते, ती ईएमए ही युरोपियन औषध संस्था तपासते. पण साथ पसरत असेल तर कुठलाही सदस्य देश स्वतःच्या अधिकारात, आपल्यापुरती, तात्पुरती परवानगी देऊ शकतो अशी सोय युरोपच्या २००१ च्या निर्देशातच आहे. ब्रिटनने ती २०१२ च्या आपल्या औषध नियमांमध्ये नियम १७४ म्हणून घेतलेली, म्हणजे ब्रेक्झिटचं सार्वमत व्हायच्या चार वर्षं आधी! तोच नियम वापरला. जर्मनीचे त्यावेळचे आरोग्यमंत्री येन्स श्पान पण म्हणाले होते की असा मार्ग आम्हालाही मोकळा होता, आम्ही ठरवून एकत्र जायचा रस्ता घेतला.

आणि कोणाला वाटत असेल की कायद्यात असेल पण सदस्य देशांना प्रत्यक्षात कोण करू देतंय, तर हंगेरी बघा. पक्का सदस्य देश. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी रशियाची स्पुटनिक आणि चीनची सायनोफार्म, दोन्ही लसी ज्यांना ईएमएची मंजुरी नव्हती, स्वतःच्या अधिकारात मंजूर केल्या आणि लोकांना टोचल्या पण. ते बरोबर केलं की चूक हा वेगळा विषय, पण कोणी अडवलं नाही.

आता अजून दोन तारखा. ऑक्सफर्ड-अॅस्ट्राझेनेकाची लस ब्रिटनने मंजूर केली ३० डिसेंबर २०२० ला, परत संक्रमण काळातच. आणि मॉडर्ना? ईयूने ६ जानेवारी २०२१ ला, ब्रिटनने ८ जानेवारीला. म्हणजे युरोपचे कायदे सुटल्यावर ब्रिटनने जी पहिली कोरोना लस मंजूर केली ती युरोपच्या दोन दिवस नंतर.

"ईयूत असते तर सगळ्यांच्या एकत्र खरेदीत अडकले असते."

हा मुद्दा मात्र मी पूर्ण उडवून लावणार नाही, कारण यात थोडं तथ्य आहे. ईयूने जून २०२० मध्ये एकत्र खरेदी ठरवली, सगळे २७ देश त्यात गेले, जर्मनी, फ्रान्स, इटली आणि नेदरलँड्स या चौघांनी अॅस्ट्राझेनेकाशी स्वतंत्र बोलणी करून ठेवलेली तीसुद्धा युरोपियन कमिशनकडे दिली. ब्रिटन सदस्य असता तर त्याच्यावरही दबाव आला असता हे खरंय. आणि मंजुरी द्यायला उशीर झाला हे कमिशनच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डर लायन यांनी स्वतः फेब्रुवारी २०२१ मध्ये मान्य केलं.

पण दबाव येणं वेगळं आणि सक्ती असणं वेगळं. योजनेत जायचं की नाही हे प्रत्येक देशाने आपलं आपण ठरवायचं होतं. ब्रिटन तेव्हा बाहेर पडलेला होता तरी त्याला पण या असं सांगितलेलं, त्याने जुलैमध्ये नाही म्हटलं. तिथे केट बिंगहॅम यांच्या हाताखाली लस टास्कफोर्स होता, त्यांनी लवकर बोलणी केली, वेगवेगळ्या प्रकारच्या लसींवर पैसे लावले, मे २०२० मध्येच ऑक्सफर्डच्या लसीच्या १० कोटी डोसांची घोषणा झालेली. हे त्यांचं कर्तृत्व आहे आणि ते त्यांना द्यावं, ब्रेक्झिटच्या खात्यावर कशाला टाकायचं?

तसंच दुसरा डोस १२ आठवड्यांपर्यंत लांबवायचा निर्णय, तो पण डिसेंबरच्या शेवटी झाला. त्यामुळे हातात होत्या त्या लसींमध्ये दुप्पट लोकांना पहिला डोस देता आला आणि मार्चअखेर ३ कोटींच्या वर लोकांना तो मिळाला. धाडसाचा निर्णय होता, टीका पण झाली. आणि एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, जिच्याकडे प्रत्येक माणसाची नोंद आहे, गावोगावचे जीपी (फॅमिली डॉक्टर) आहेत, त्या यंत्रणेने हे टोचून दाखवलं. ८ डिसेंबरला कॉव्हेंट्रीत ९० वर्षांच्या मार्गारेट कीनन यांना पहिला डोस दिला तो एका नर्सने, कुठल्या मंत्र्याने नाही.

"ब्रिटन स्वतःच्या पायावर उभा राहिला."

मार्गारेट आजींना टोचलेली लस बायोएनटेकची, म्हणजे जर्मनीतल्या माइंझ गावच्या कंपनीची, जी तुर्की वंशाच्या नवराबायकोने उभी केली, आणि डोस आले बेल्जियममधल्या प्यूर्सच्या फायझर कारखान्यातून. ऑक्सफर्डची लस ब्रिटनची खरी, पण तिचे ५० लाख डोस आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून गेले. १ कोटी यायचे होते, उरलेले मार्च २०२१ मध्ये अडकले कारण आपल्याकडे दुसरी लाट चढत होती आणि निर्यात थांबली, तर लगेच ब्रिटनमध्ये एप्रिलसाठी लस कमी पडणार अशा बातम्या सुरू झाल्या. साथीत कुठलाच देश एकट्याच्या पायावर उभा नव्हता.

"युरोपने ब्रिटनवरच्या रागापोटी अॅस्ट्राझेनेका बंद केली."

इथे भीतीचा भाग येतो आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. मार्च २०२१ मध्ये रक्ताच्या गुठळ्यांच्या दुर्मिळ केसेस दिसल्या, जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन यांनी लस थांबवली. ब्रसेल्सने थांबवायला लावली का? नाही, त्या त्या सरकारांनी थांबवली, उलट युरोपची ईएमए १८ मार्चला म्हणाली की फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे. डेन्मार्कने तर एप्रिलमध्ये कायमचीच बंद केली, आणि नॉर्वे जो ईयूत नाहीच त्यानेही थांबवली. राग म्हणावं तर ब्रिटनने स्वतःच ७ एप्रिलला ३० च्या आतल्यांना आणि मे मध्ये ४० च्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्या असं सांगितलं, ते कोणाच्या रागाने? शंका खरी होती, दुर्मिळ होती, वयाप्रमाणे हिशोब बदलत होता.

राजकारण दोन्हीकडून झालं हे मी मान्य करतो. फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन जानेवारीत म्हणाले की ६५ च्या वरच्यांना अॅस्ट्राझेनेकाची लस जवळपास निरुपयोगी आहे, ते निखालस चुकीचं होतं आणि म्हाताऱ्या माणसांच्या मनात भीती घालून गेलं. पण हॅन्कॉकनी पण तेच केलं ना, लसीवर पक्षाचा झेंडा लावला. मग ज्याला तो झेंडा आवडत नाही तो म्हणणारच की राजकारणासाठी घाईत पास केली. खरं तर घाईत काही सोडलेलं नव्हतं, फायझरच्या लसीची ४३ हजारांवर लोकांमध्ये चाचणी झालेली आणि आकडे जसे येत होते तसे एमएचआरए आणि ईएमए दोघंही ऑक्टोबरपासून तपासत होते. पण शंका पेरायला मंत्र्याचं एक वाक्य पुरतं.

बरं, आघाडी टिकली का? सप्टेंबर २०२१ पर्यंत पोर्तुगाल, स्पेन, डेन्मार्क पूर्ण लसीकरणात ब्रिटनच्या पुढे गेले होते, सगळे सदस्य देश.

शेवटचं आपल्या लोकांसाठी. जुलै २०२१ मध्ये ईयूचं कोविड सर्टिफिकेट आलं तेव्हा पुण्यात बनलेली कोव्हिशिल्ड, म्हणजे अॅस्ट्राझेनेकाचीच लस, ईएमएच्या यादीत नव्हती, पुण्याचा डोस घेतलेल्या काही ब्रिटिश प्रवाशांना माल्टाच्या विमानात चढू दिलं नाही. तेव्हा पण जर्मनी, स्पेन, ऑस्ट्रिया वगैरे देशांनी आपापल्या अधिकारात ती मान्य केली. आणि ब्रेक्झिटवाल्या ब्रिटनने? सप्टेंबरमध्ये नवे नियम काढले, त्यात भारतात कोव्हिशिल्ड घेतलेला माणूस लस न घेतलेलाच धरला, म्हणजे तीच लस मँचेस्टरमध्ये टोचली तर चालेल आणि नाशिकला टोचली तर चालणार नाही. मास्टर्सला निघालेल्या आपल्या कितीतरी मुलांनी त्यापायी विलगीकरणाचा ताप आणि खर्च सोसला. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना १० दिवसांचं विलगीकरण लावलं, तेव्हा कुठे ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने नियम बदलला.