दिंडी, लंगर आणि हेस्टिंग्ज स्ट्रीट

कुरकुंभच्या कारखान्यात २०२४ च्या फेब्रुवारीत मेफेड्रोन ऊर्फ ‘एमडी’ या अमली पदार्थाचा साठा सापडला, तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक वाद दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने पेटतो. काकांचे म्हणणे असे की, देवाचा धाक सुटला म्हणून पोरे ‘एमडी’च्या नादी लागली. त्यावर पुण्याचा आतेभाऊ मार्क्सचा हवाला देतो की, धर्म हीच मुळात अफू आहे, तेव्हा एक नशा सोडून दुसरी धरण्यात कसले आले शहाणपण? मध्येच कोणी तरी सगळ्याचे खापर प्रेमभंगांवर आणि प्रेमविवाहांवर फोडून जातो. हा वाद मी कॅनडात व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नबीतून वाचते, आणि वाचताना सारखे वाटत राहते की तिन्ही पक्षांची चूक एकच आहे. सुख ही कुठे तरी भरून ठेवलेली वस्तू आहे, मूर्तीत म्हणा, माणसात म्हणा की पुडीत म्हणा, आणि प्रश्न फक्त योग्य डबा उघडण्याचा आहे, असे तिघेही धरून चालतात.

आतेभावाच्या आवडत्या वाक्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते १८४४ सालचे आहे. त्या काळी युरोपात अफू औषधाच्या दुकानात सहज मिळे आणि गोरगरीब ती दुखण्यावरचा उतारा म्हणून घेत. त्याच परिच्छेदात मार्क्सने धर्माला गांजलेल्या जिवाचा सुस्काराही म्हटले आहे. म्हणजे त्याच्या मनात व्यसनाइतकीच, किंबहुना जास्तच, वेदना होती, आणि नेमकी तीच आमच्या गटावर गळून जाते.

वेदनेचा हा भाग इथे टाळता येत नाही. ब्रिटिश कोलंबियाने, म्हणजे आमच्या प्रांताने, एप्रिल २०१६ मध्ये आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि २०२३ या एकाच वर्षात विषारी अमली पदार्थांनी अडीच हजारांहून अधिक माणसे गेली. पाहुणे आले की त्यांना व्हँकुव्हरच्या ईस्ट हेस्टिंग्ज रस्त्यावरची, नशेत कमरेत वाकून उभी राहिलेली माणसे दिसतात आणि ते हळहळतात. पण बहुतेक मृत्यू रस्त्यावर नव्हे, घरात, बंद दाराआड होतात. फेंटॅनिल या अफूसारख्या, पण कृत्रिम द्रव्याने श्वास मंदावत जाऊन थांबतो. त्यावर नॅलोक्सोन हा उतारा आहे, मात्र बेशुद्ध माणसाला तो स्वतःच्या हाताने टोचून घेता येत नाही, त्यासाठी शेजारी कोणी तरी असावे लागते. औषधाच्या दुकानात फुकट मिळणारी काळी पिशवी माझ्या गाडीत असते: काचेच्या छोट्या कुप्या, सुया, हातमोजे आणि तोंडाने श्वास देताना मध्ये धरायचा पडदा. ती वापरायला शिकवणाऱ्या बाईंनी मला आधी सुई नव्हे, हाक शिकवली. खांदा धरून मोठ्याने नाव घ्यायचे, नाव माहीत नसेल तर नुसते ओरडायचे. उत्तर आले नाही तर ९११ ला फोन, मग श्वास, मग मांडीत इंजेक्शन.

आमच्या बर्नबीच्याच डोंगरावर, सायमन फ्रेझर विद्यापीठात, १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रूस अलेक्झांडर यांनी उंदरांचे प्रसिद्ध प्रयोग केले. एकेकट्या पिंजऱ्यातले उंदीर मॉर्फिनचे पाणी भरपूर प्यायले, प्रशस्त जागेत सोबतीने राहणारे बरेच कमी. पुढे इतरांना हा निकाल दर वेळी तसाच मिळाला नाही, त्यामुळे त्यावर फार इमले बांधू नयेत. ली रॉबिन्स यांनी व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांची केलेली पाहणी मला अधिक भक्कम वाटते. तिथे असताना जवळपास दर पाचांतला एक हेरॉइनच्या आहारी गेला होता; घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांपैकी सुमारे ५ टक्केच पुन्हा अडकले. पदार्थ तोच होता, भोवतालची माणसे बदलली होती.

माझे आजोळ लोणंदचे. मामा पंधरा वर्षे दारूत होता. एका आषाढात माउलींची पालखी गावात मुक्कामाला असताना त्याने तुळशीची माळ घातली आणि तसाच दिंडीबरोबर पंढरपूरला गेला, तो पुन्हा प्यायला नाही. माझे वडील साताऱ्यातल्या जुन्या अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांपैकी. ज्या गावात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी विवेकाच्या कामाबरोबरच ‘परिवर्तन’ मधून व्यसनमुक्तीचेही काम उभे केले, तिथल्या माणसाला हे कोडे सोडवणे भागच होते. बाबा म्हणायचे, “विठ्ठलाने नाही, दिंडीतल्या माणसांनी सोडवली त्याची.” पोळी लाटता लाटता आई एकदा म्हणाली, “अहो, पण ती माणसं जमली होती कुणासाठी?”

बाबांच्या बाजूने शास्त्र थोडेफार उभे आहे. लिम आणि पुटनम या समाजशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या माहितीवरून दाखवले की, प्रार्थनास्थळी नियमित जाणारे अधिक समाधानी असतात, पण ते मुख्यतः तिथे त्यांचे मित्र असतील तरच. घरी बसून केलेल्या प्रार्थनेने तेवढा फरक पडलेला दिसला नाही. तरीही आईचा प्रश्न शिल्लकच राहतो, कारण मैत्री करायची म्हणून कोणी अडीचशे किलोमीटर चालत नाही.

मला आईचा तो प्रश्न इथे आल्यावर कळला. पहिल्या हिवाळ्यात नवरा रात्रपाळीला, दुपारी चारला अंधार, आणि दिवसचे दिवस माझे नाव कोणाच्या तोंडून ऐकू यायचे नाही. शेजारीण मला रॉस स्ट्रीटच्या गुरुद्वारात घेऊन गेली. तिथे मी डोक्यावर ओढणी घेऊन लंगरच्या पंगतीत जेवले. पुढच्या रविवारी एका बीजींनी, म्हणजे वयस्क पंजाबी बाईंनी, काही न विचारता माझ्या हातात लाटणे दिले. माझी श्रद्धा तेव्हाही नव्हती, आजही नाही, आणि ती आहे असा आव मी आणत नाही. पण इतरांची आहे म्हणून ती चूल रोज पेटते, आणि तिच्यावरचे मी इतकी वर्षे खाते आहे, एवढे तरी मी आतेभावाला सांगू शकते.

काकांना मात्र दुसरी गोष्ट सांगावी लागेल. इथल्याच एका मराठी घरातला तरुण मुलगा तळमजल्यावरच्या त्याच्या खोलीत मरण पावला. घर प्रेमळ, आईवडील श्रद्धाळू, संकष्टीला वर अथर्वशीर्षाची आवर्तने चालत आणि आम्ही सारे जमत असू. मुलगा खाली आहे हे सगळ्यांना ठाऊक असे, आणि नोकरी सुटल्यापासून तो वर का येत नाही हे विचारले तर घरच्यांना अवघड होईल म्हणून आम्ही कोणीच विचारत नसू. नंतर तेरा दिवस त्या घरी आळीपाळीने डबे गेले, मीही दोनदा नेले. हृदयविकार, असे सांगितले गेले. माझ्या गाडीतली काळी पिशवी त्या काळातही गाडीतच होती, त्यांच्या दारात उभ्या केलेल्या.