फ्लॅट भाड्याने देताय? मग एवढं कराच

अभिनंदन! वाकडच्या वन बीएचकेचा ताबा मिळाला, ईएमआय सुरू झाला, जाहिरात टाकली आणि फोन थांबायचं नाव घेईना. आता तुम्ही घरमालक, तेव्हा माणसं पारखायला शिका.

पहिला फोन बहुतेक आयटीतल्या एखाद्या मुलीचा येईल. तिला चक्क राहायला घर पाहिजे असतं, म्हणजे इथेच काहीतरी गडबड आहे हे ओळखा. लग्न झालंय का, नसेल तर कधी करणार, अंडं खाता का, रात्री कितीला येता, भेटायला कोण कोण येतं, गाव कुठलं, आडनाव काय, सगळं नीट विचारून घ्या आणि वर ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून ठेवून द्या. त्यात ती ‘अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करू ना काका?’ असं म्हणाली तर विषयच संपला, कायदा माहीत असलेला भाडेकरू हवाय कुणाला.

मग येतो खरा हिरा. ‘राहायचं नाहीये ओ काका, जीएसटीसाठी नुसता पत्ता पाहिजे, लाईट बिल आणि एनओसी द्या, महिन्याला ठरलेले पैसे घरपोच.’ बघा, भिंतीला खिळा नाही, फोडणीचा वास नाही, पार्किंगवरून भांडण नाही! याला लग्नाचं विचारू नका, बरं दिसत नाही. उद्या त्याच पत्त्यावर कोट्यवधींची खोटी बिलं फाटली आणि अधिकारी फर्म शोधत दारात आले तर चहा टाका, एवढ्या लांबून आलेले असतात.

फौजीसाहेबांना तर नाही म्हणूच नका. बदली झालीय, घर न बघताच पसंत आहे, युनिफॉर्ममधला फोटो आणि ओळखपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय, डिपॉझिट आत्ताच पाठवतात, तुम्ही फक्त क्यूआर स्कॅन करून पिन टाकायचा. कोपऱ्यावरचा भाजीवाला दिवसभर पैसे घेतो आणि एकदाही पिन टाकत नाही, पण तो बिचारा अडाणी. तुम्ही टाका, देशासाठी एवढं तर कराल.

(गणपतीच्या मूर्ती रंगवायला दोन महिने हॉल मागणाऱ्याला मात्र लगेच फुटवा, फरशी खराब होते.)

राहिलं अ‍ॅग्रीमेंट. महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये, वर स्टॅम्प ड्युटी, कशाला तो खर्च? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि ती चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, पण एवढं कोण बघतंय. याच कलमात अजून एक गंमत आहे, लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरतात. म्हणजे तो म्हणाला भाडं पाचशेच ठरलं होतं, तर ते खोटं आहे हे सिद्ध करायचं काम तुमचं. तेव्हा पुरावा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरचा तुमचा ‘ओके भाऊ 👍’ जपून ठेवा.