घडाघडा वाचणं आणि कळणं: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘इंग्रजी वाचनाआधी मुलांचे कान तयार करा’, म्हणजे आधी ती भाषा ऐकून कळू द्या, हा माझा सल्ला म्हणजे वेळ दवडणं आहे, तुमची सहा वर्षांची मुलगी इंग्रजी पान न अडखळता वाचते, अर्थ मागाहून येईलच, आणि सोबत मराठी अक्षरं शिकवली तर गोंधळ वाढेल.

मुलीला अक्षरांचा आवाज जुळवता येतो, ही मोठी जमेची बाजू आहे. तिला अजिबात थांबवू नका. पण एक करून पाहा. तिने आधी न पाहिलेलं, चित्रं नसलेलं पाच-सहा वाक्यांचं पान द्या. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि काय झालं ते मराठीत विचारा. इंग्रजीत विचारलंत तर समज बाजूला राहते, बोलणंच तपासलं जातं. दुसऱ्या दिवशी तितकंच सोपं दुसरं पान तुम्ही वाचून दाखवा आणि पुन्हा विचारा. ऐकून कळतं पण वाचून कळत नाही, तर अडचण अक्षरांत आहे. ऐकूनही कळत नसेल, तर भाषाच कमी पडते आहे. तिथे आणखी पानं वाचून घेऊन उपयोग नाही. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 मध्ये हेच मांडलं: वाचून समजणं हा शब्द उलगडणं (अक्षरांवरून शब्द वाचता येणं) आणि ऐकून समजणं यांचा गुणाकार आहे. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच.

‘अर्थ मागाहून’ हे इंग्रजीत विशेष अवघड जातं. डब्ल्यू-ए-एन-टी हे आवाज जुळवले की ‘वॅन्ट’ येतं. ‘वॉन्ट’ कानावरून गेलेलं मूल क्षणभर अडखळतं आणि आपलं आपण दुरुस्त करतं. ज्याने तो शब्द ऐकलेलाच नाही, त्याच्यासाठी ‘वॅन्ट’ बरोबरच! मातृभाषा इंग्रजी असलेल्यांनाही हे जड जातं. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय तुलनेत शाळेच्या पहिल्या वर्षाअखेरीस फिनिश मुलं (त्यांच्या भाषेत लिहितात तसंच वाचतात) ओळखीच्या शब्दांपैकी 98 टक्के अचूक वाचत होती, स्कॉटलंडमधली इंग्रजी वाचणारी मुलं 34 टक्के.

मराठीमुळे गोंधळ होतो हे खरं, पण ठरावीक जागी. देवनागरीतल्या व्यंजनात ‘अ’ दडलेला असतो. त्यामुळे मूल ‘सॅट’ जुळवताना स-ॲ-ट म्हणतं आणि ‘सअॅट’सारखं काहीतरी तयार होतं. म्हणून सुरुवातीला स, म, न असे लांबवता येणारे आवाज घ्या: ‘स्स्सॅट’, ‘म्म्मॅट’, मध्ये श्वास न तोडता. ट् आणि प् शेवटी ठेवा, तेही तुटक. अक्षरांची नावं थोडी मागे ठेवा. एच, डब्ल्यू, वाय यांच्या नावांत त्यांचा आवाजच नाही. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांची दोन चित्रं समोर ठेवून, म्हटलेल्या शब्दावर बोट ठेवायला सांगा. हा फरक कानाला कळला नाही तर स्पेलिंग निव्वळ पाठांतर होतं. बाकी आवाज जोडून शब्द करायची युक्ती एका लिपीतून दुसरीत जाते, ती नव्याने शिकावी लागत नाही. मराठी बंद करू नका.

कान आणि अक्षरं बरोबरीने चालू द्या. पुढचं पान देण्याआधी त्यातले चार-पाच अनोळखी शब्द निवडा, वस्तू दाखवून किंवा कृती करून दोन-तीन दिवस बोलण्यात वापरा, ती स्वतः वापरू लागली की मग पान द्या. दहातले दोन-तीन शब्द अनोळखी असतील तर ते पुस्तक तिला वाचायला देऊ नका. ते तुम्ही वाचून दाखवा.