कोव्ह मोजत फिरू नका, वाटेने चाला

इंग्लंडला जाणारी आपली मंडळी हल्ली लंडन-स्कॉटलंडच्या जोडीला इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचं कॉर्नवॉलही घेतात. चांगलं आहे. पण त्यातल्या बहुतेकांचा मला येणारा मेसेज ठरलेला असतो. ‘दोन दिवस आहेत, गाडी आहे, कुठले कुठले कोव्ह बसतील?’ कोव्ह म्हणजे कड्यांत शिरलेली समुद्राची छोटी खाच. सोबत इन्स्टाग्रामवरचे चार फोटो. हिरवंनिळं पाणी, तिन्ही बाजूंनी कडे, मधे वाळूचा अर्धगोल तुकडा. दोन दिवसांत गाडीने सहा कोव्ह आरामात बसतात, तसं मी सांगतोही. आणि मग न विचारलेला सल्ला देतो, की बसवू नका.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कॉर्नवॉलला कोव्ह बघायला जाऊ नये. कड्यावरच्या वाटेने चालायला जावं, कोव्ह वाटेत येतात. हा शब्दांचा खेळ वाटत असेल तर ही वाट तिथे मुळात कशासाठी आहे ते बघा.

साउथ वेस्ट कोस्ट पाथ नावाची ही पायवाट सॉमरसेटमधल्या माइनहेडपासून निघते, डेव्हन आणि कॉर्नवॉलला वळसा घालते आणि डॉर्सेटमध्ये पूल बंदराच्या तोंडाशी संपते. लांबी 630 मैल, म्हणजे हजार किलोमीटरच्या थोडी वर. आता ती पर्यटकांची असली तरी तिचा बराचसा भाग तुडवला तो तटरक्षकांनी. त्या काळी चहा, ब्रँडी, तंबाखू यांवर जबरदस्त कर होता आणि फ्रान्सचा किनारा समोरच. माल रात्री होडीतून यायचा आणि एखाद्या आडबाजूच्या कोव्हमध्ये उतरायचा. 1822 मध्ये तटरक्षक दल उभं राहिलं आणि त्याची माणसं रात्री-अपरात्री किनाऱ्याने गस्त घालू लागली. कोव्हची गंमत अशी की वरून, अगदी काठावर उभं राहिल्याशिवाय आत काय चाललंय ते दिसत नाही. त्यामुळे गस्तवाल्याला प्रत्येक खाचेच्या काठावर जाऊन खाली डोकवावं लागायचं. एकही वगळायची सोय नव्हती, कारण जो वगळाल नेमका तिथेच माल उतरणार.

म्हणून ही वाट शहाण्या माणसासारखी सरळ जात नाही. प्रत्येक टोकाला वळसा घालते, प्रत्येक ओढ्याबरोबर समुद्रापर्यंत उतरते आणि लगेच पलीकडच्या कड्यावर चढते. नकाशावर पाच किलोमीटर दिसतात आणि संध्याकाळी गुडघे वेगळाच हिशोब सांगतात. पूर्ण वाटेची चढण जमेला धरली तर सुमारे 35,000 मीटर होते, एव्हरेस्टच्या उंचीच्या चौपट. डोंगर एकही नाही, तरीही! आधी मला हा आडमुठेपणा वाटायचा. सरळ वरून गेली असती तर काय बिघडलं असतं? पण कोव्हमध्ये डोकावणं हेच तिचं काम होतं हे कळल्यावर तक्रार संपली. तुम्ही गाडीने कोव्हला जाता तेव्हा मागून, गल्लीतून, पार्किंगमधून जाता. वाट तुम्हाला बाजूने आणि वरून आणते. आधी टोक दिसतं, मग पाण्याचा रंग बदलतो, मग खाली वाळूची एक कड, आणि दहा पावलं पुढे गेल्यावर अख्खा कोव्ह. हे दहा पावलांचं प्रकरण पार्किंगमधून मिळत नाही.

आता कायनन्स. फोटोतला सर्वात लाडका कोव्ह हाच, लिझर्ड द्वीपकल्पाच्या पश्चिम अंगाला. इथला खडक सर्पेंटाइन, पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातून वर आलेला. कोरडा असताना काळपट, निर्जीव दिसतो. लाट येऊन गेली की त्यात गर्द हिरवा आणि रक्तासारखा लाल उमटतो, मधून पांढऱ्या शिरा. या भागात कुंपण ओलांडायच्या दगडी पायऱ्याही काही ठिकाणी याच दगडाच्या आहेत. हजारो बुटांनी घासून त्या इतक्या गुळगुळीत झाल्यात की पाऊस पडून गेल्यावर त्यावर पाय ठेवताना हात आपोआप कठड्याकडे जातो. मी तर वाकून बोट फिरवून पाहिलं. मधला भाग खोलगट झालेला, आरशासारखा, आणि कडेला अजून खरखरीत मूळ दगड. संग्रहालयात काचेमागे ठेवावा असा दगड, आणि लोक त्यावरून चिखलाचे बूट घेऊन जातात. मला हे फार आवडलं.

पण कायनन्सला गाडीने जाणाऱ्यांची हमखास फजिती होते ती भरतीमुळे. भरतीला तिथली वाळू जवळजवळ सगळी पाण्याखाली जाते. उन्हाळ्याच्या सुट्टीत लोक पार्किंगसाठी रांग लावतात, खाली उतरतात आणि समोर नुसतं पाणी. ‘फोटोतला बीच कुठाय?’ बीच जागेवरच आहे हो, तुम्ही चुकीच्या वेळी आलात. आपल्याकडच्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सौम्य भरती, आणि भरतीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे. चंद्र तोच आहे, तिथेही हेच चालतं. फक्त कॉर्नवॉलमध्ये उधाणाला पाणी पाच मीटरपेक्षाही जास्त चढतं-उतरतं, त्यामुळे चूक महागात पडते. ओहोटीला सहज चालत शेजारच्या कोव्हमध्ये गेलेली माणसं परतीची वाट बुडाल्यामुळे कड्याखाली अडकतात, मग लाइफबोट बोलवावी लागते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक फुकट मिळतं. हॉटेलच्या बुकिंगइतकंच मन लावून ते बघा, एवढीच विनंती.

मी ज्याला त्याला सुचवतो तो टप्पा म्हणजे कायनन्स ते कॅजविथ हे मच्छीमारांचं गाव, लिझर्ड पॉइंटवरून. नऊ-दहा किलोमीटर भरतील. एवढ्या अंतरात जे येतं त्याची यादी करायचा मोह टाळतो, पण लिझर्ड पॉइंटवर थांबावंच लागेल. ब्रिटनच्या मुख्य भूमीचं हे सगळ्यात दक्षिणेचं टोक. खाली पोलपिअर कोव्हमध्ये जुनं लाइफबोट घर आहे. 17 मार्च 1907 च्या रात्री धुक्यात ‘सुएव्हिक’ नावाचं मोठं जहाज या टोकाबाहेरच्या खडकांवर आदळलं. आसपासच्या चार ठिकाणांहून वल्ह्यांच्या लाइफबोटी निघाल्या आणि रात्रभर खेपा घालून त्यांनी 456 माणसं काढली. एकही प्राण गेला नाही. ब्रिटनच्या लाइफबोट संस्थेच्या इतिहासात एका वेळी इतकी माणसं कधी वाचवली गेलेली नाहीत. जहाजाची कथा तर अजून विचित्र आहे. पुढचा भाग खडकावर सोडून मागचा कापून नेला, बेलफास्टमध्ये नवा पुढचा भाग बांधला आणि जोडून जहाज पुन्हा समुद्रात!

त्या उघड्या, वाऱ्याच्या तोंडावरच्या कोव्हमधून बोट लोटणं फारच जोखमीचं म्हणून 1961 मध्ये लाइफबोट पूर्वेला किलकॉबेन कोव्हमध्ये हलवली. वाटेने चालताना दोन्ही लागतात, आधी जुनं, मग नवं. चालून आलेल्या माणसाला ते का हलवलं हे कुणी सांगावं लागत नाही. टोक ओलांडलं की वारा एकदम पडतो, कानातला आवाज बंद होतो, शेजारच्याशी बोलताना ओरडावं लागत नाही. गाडीने दोन्ही जागा पाहिल्या असत्या तर दोन इमारती पाहिल्या असत्या, बस.

याच टप्प्यावर नशीब असेल तर चफ दिसतो. कावळ्याच्या कुळातला, पण चोच आणि पाय लालभडक. कॉर्नवॉलच्या मानचिन्हावर असलेला हा पक्षी कॉर्नवॉलमधूनच नाहीसा झाला होता. 2001 मध्ये काही चफ आपणहून लिझर्डला आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी पिल्लं काढली. कड्यावर गुरं चरली की गवत आखूड राहतं आणि त्यातले किडे त्याला टिपता येतात. तेव्हा वाटेत गाय आडवी उभी असेल तर वैतागू नका, ती पक्ष्यासाठी काम करतेय.

पश्चिमेकडच्या पेनविथ भागात पोर्थकर्नो ते पेनबर्थ हा तुकडा याहून लहान आणि मला वैयक्तिक जास्त जवळचा. पोर्थकर्नोच्या कड्यात रोवेना केड नावाच्या बाईंनी ग्रॅनाइट फोडून खुलं नाट्यगृह उभारलं, 1932 मध्ये तिथे पहिला प्रयोग झाला. पर्यटक ते बघून परत फिरतात. खाली वाळूच्या मागे समुद्राखालून आलेल्या टेलिग्राफच्या तारांची एक छोटीशी खोली आहे, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. 1870 मध्ये समुद्राखालची तार याच कोव्हमध्ये येऊन लागली आणि लंडन थेट मुंबईशी जोडलं गेलं. सुएझ, माल्टा, जिब्राल्टर असं करत आलेला संदेश आठवड्यांऐवजी मिनिटांत पोचू लागला. पुढे तिथे 14 तारा येत होत्या. एवढ्या आडगावात का? तर किनारा वाळूचा, बंदर नाही, म्हणजे नांगरात तार अडकून तुटायची भीती नाही. मुंबईहून निघालेल्या बातमीचं टोक या वाळूत होतं, हे कळल्यावर मी नाट्यगृहापेक्षा त्या खोलीपाशीच जास्त वेळ रेंगाळलो.

तिथून पुढे टोकावर लोगन रॉक, सुमारे 80 टनांचा डुलणारा खडक. 1824 मध्ये नौदलाच्या एका लेफ्टनंटने खलाशी घेऊन तो हौसेने पाडला. गावकरी इतके भडकले की त्याला तो पुन्हा जागेवर बसवावा लागला. प्रेक्षणीय स्थळाची नासधूस करणाऱ्यांना अशीच शिक्षा हवी, असं माझं प्रामाणिक मत आहे. पेनबर्थला उतरलं की ग्रॅनाइटचा उतार, त्यावर ओढून ठेवलेल्या होड्या आणि त्या ओढायचा जुना लाकडी रहाट. ना दुकान ना वाळू. इन्स्टाग्रामला याचं काय करावं कळणार नाही.

वाटेवर कठडे जवळजवळ नाहीत, यावरून माझा एका स्नेह्यांशी वाद झाला. ते म्हणाले, एवढा श्रीमंत देश, रेलिंग लावायला काय होतं? मला वाटतं न लावणं हेच शहाणपण आहे. एक तर कडा स्थिर नाही. पावसाने, लाटांनी तुकडे कोसळत असतात. आज लावलेला कठडा काही वर्षांत हवेत लोंबकळेल, आणि कठडा दिसला की माणूस त्यावर विश्वास ठेवून टेकतो. त्यापेक्षा तिथे वाटच मागे सरकवतात. 2009 च्या सागरी आणि किनारा प्रवेश कायद्याने इंग्लंडच्या संपूर्ण किनाऱ्यावर पायवाट करायची ठरली, आणि कडा ढासळला तर वाट मागे घ्यायची तरतूदही केली. खाली जमीन कुणाची का असेना, चालणाऱ्याचा हक्क समुद्राबरोबर मागे येतो. मला या सगळ्या निसर्गदृश्यात सगळ्यात सुंदर काय वाटलं असेल तर हे कलम. (बायको म्हणाली, तुला कायदा सुंदर दिसतो, मग समुद्र कशाला बघायला आलास.)

चालता येत नसलेल्यांनी काय करायचं, हा रास्त प्रश्न आहे. आई-वडील सोबत असतील, गुडघे साथ देत नसतील, तर माझा हट्ट बाजूला ठेवा. पण तेव्हाही सहा कोव्ह नकोत. कॅजविथ एकच घ्या आणि अर्धा दिवस बसा. गवताने शाकारलेली घरं, आणि मासेमारी करून परतणाऱ्या होड्या विंचने खडीवर ओढून घेतात. दोर ताणला जातो, खडी करकरते, बोट हातहात वर येते. त्यासाठी चालावं लागत नाही, थांबावं मात्र लागतं.

बाकी जुजबी. बूट घोट्यापर्यंतचे आणि चांगल्या पकडीचे. जोराच्या वाऱ्यात काठापासून लांब, कारण गवताखाली कडा पोखरलेला असू शकतो. कड्याच्या अगदी पायथ्याशी डबा उघडून बसू नका. कुणी अडकलेलं दिसलं तर स्वतः उतरू नका, 999 फिरवून कोस्टगार्ड मागा. जाताना चाला आणि येताना बस घ्या, म्हणजे गाडीकडे परतायची घाई राहत नाही. मे महिना उत्तम, कड्यांवर गुलाबी थ्रिफ्ट आणि पिवळा गॉर्स एकाच वेळी फुललेले असतात आणि शाळांच्या सुट्टीची गर्दी अजून आलेली नसते.

आणि एवढं वाचूनही कायनन्सचा तोच फोटो हवा असेल, तर पूर्ण ओहोटीच्या दोनेक तास आधी, पाणी उतरत असताना पोचा. फक्त लिझर्डकडून चालत या. तासाभराची तर वाट आहे.