आठ खाचांची तिजोरी

जुन्या बंदुका जमवणाऱ्यांच्या खर्चावरच्या लेखात म्हटलंय की नवी बंदूक घ्यायचा मोह झाला की 30 दिवस थांबा, पण खरं सांगू का, मला बंदूक बुडवत नाही हो, तिचं शेपूट बुडवतं! ली-एनफिल्ड (जुनी ब्रिटिश लष्करी रायफल) घेतली की 1907 पॅटर्नची संगीन हवी, मग जुना स्लिंग (खांद्याचा पट्टा), मग रायफलशी नंबर जुळणारा बोल्ट (गोळी आत सारणारा सरकता दांडा), आणि हे सगळं रात्री अंथरुणात लिलावाचे फोटो झूम करकरून. शेवटी साइटवरचं सेव्ह केलेलं कार्डच काढून टाकलं. बंदुकांच्या तिजोरीत खाचा आठ, नववी बंदूक आणायची तर आधी एक विकायची. आणि मोसिन-नागांत या रशियन रायफली तर कोट्यवधी बनल्यात, आज सुटली म्हणून काय झालं. बायको मात्र अजून तिजोरी मोजून बघते 😄